रुग्ण स्वतःचं स्वतः किती करतो? घरच्या घरी मोजायची रीत

लकवा मारलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, "आता कसं आहे?" घरचे म्हणतात, "आहे, सुधारतंय हळूहळू." महिन्याने तपासणीला गेल्यावर डॉक्टरही तेच विचारतात आणि त्यांनाही तेच उत्तर मिळतं. पाहुण्यांना ते पुरतं, उपचारांना पुरत नाही. काय सुधारलं? अंघोळ की चालणं? एकट्याने, की कुणी धरल्यावर? गेल्या महिन्यात काय होतं? हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं, आणि मग पुढचे व्यायाम अंदाजाने ठरतात.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. रुग्णांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा जेवायला, कपडे घालायला, संडासला जायला शिकवणं हे माझं काम. आपल्याकडे या कामाचा पाया मुंबईत घातला गेला. कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. इतक्या वर्षांत मोठ्या रुग्णालयांमध्ये रुग्ण स्वतःचं किती करतो याचं मोजमाप रुळलं, पण घरी आलेल्या रुग्णाचं मोजमाप मात्र डिस्चार्जच्या कागदावर थांबतं. ते घरच्यांना सहज पुढे चालू ठेवता येतं. लागते ती एक वही, पंधरा-वीस मिनिटं आणि थोडा कठोर प्रामाणिकपणा. यातलं तिसरं सगळ्यात अवघड.

कोणतं माप वापरायचं

मापं बरीच आहेत. रुग्णालयातल्या पुनर्वसन विभागात तुम्ही 'फिम' हा शब्द ऐकला असेल. त्यात १८ बाबी असतात आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त १२६. १८ पैकी १३ बाबी शरीराच्या हालचालींच्या आणि ५ समजणं, बोलणं, लक्षात ठेवणं अशा गोष्टींच्या. माप उत्तम आहे, पण ते लावायला प्रशिक्षण लागतं. घरच्यांनी त्याच्या मागे लागू नये.

घरासाठी मी नेहमी बार्थेल इंडेक्स सुचवते. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात दीर्घ आजारांच्या रुग्णालयांमध्ये काम करणाऱ्या डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी तो १९६५ साली प्रसिद्ध केला. दहा रोजच्या गोष्टी, गुण पाच-पाचच्या टप्प्यांनी, एकूण १००. काही ठिकाणी याचंच २० गुणांचं रूप वापरतात. म्हणून दवाखान्याच्या कागदावर "बार्थेल १५" दिसलं तर आधी ते १०० पैकी आहेत की २० पैकी, हे विचारून घ्या. २० पैकी १५ म्हणजे १०० पैकी ७५, आणि १०० पैकी १५ म्हणजे जवळजवळ सगळंच दुसऱ्यावर.

पहिली पायरी: 'येतं का' नको, 'काल काय केलं' विचारा

सगळ्या मोजमापाचा कणा इथे आहे. बार्थेलमध्ये रुग्ण काय करू शकेल ते मोजत नाहीत, तो प्रत्यक्ष काय करतो ते मोजतात. फिजिओच्या समोर, सगळा जीव एकवटून, आजोबा एकदा स्वतः शर्ट घालतात. रोज सकाळी मात्र घाई असते म्हणून सूनबाई किंवा ब्युरोच्या मावशी तो घालून देतात. गुण रोजच्या सकाळचे द्यायचे.

म्हणून प्रश्नाची घडणच बदला. "बाबा, अंघोळ करता येते ना?" असं विचारलं की उत्तर "हो" येणारच. कोणत्या बापाला मुलासमोर "नाही" म्हणावंसं वाटेल? त्याऐवजी विचारा, "काल अंघोळ कशी केली? मोरीपर्यंत कोण आलं होतं? पाठीवर पाणी कुणी घेतलं? पाय कुणी पुसले?" घटना विचारली की खरं बाहेर येतं.

साधारण गेल्या एक-दोन दिवसांत जे झालं तेच धरायचं. फक्त शौच आणि लघवीच्या ताब्यासाठी मागचा आठवडा पाहायचा.

दुसरी पायरी: मदत कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

इथे घरोघरी चूक होते, कारण आपल्या मते मदत म्हणजे हात लावणं. या मापात तोंडाने सांगणं हीसुद्धा मदत आहे. "आधी डावा पाय टाका… हं, आता काठी" असं शेजारी उभं राहून कुणी सांगत असेल, तर रुग्ण स्वतंत्र नाही. पडतील म्हणून नुसतं लक्ष ठेवायला कुणी जवळ उभं राहावं लागत असेल, तरी नाही. कारण काहीही असो. मदत लागते का, एवढाच प्रश्न.

साधन वापरणं मात्र मदतीत मोडत नाही. काठी, वॉकर, भिंतीला लावलेला दांडा, नाडीऐवजी इलॅस्टिक घातलेला लेंगा, बटणांऐवजी चिकटपट्टी लावलेला सदरा, जाड मुठीचा चमचा, यातलं काहीही वापरून माणूस एकट्याने काम करत असेल तर पूर्ण गुण द्यायचे. बऱ्याच घरांत मला उलटा विचार दिसतो. वॉकरशिवाय चार पावलं टाकली की टाळ्या पडतात, आणि वॉकर घेऊन एकटे संडासला जाऊन आले तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. माझ्या लेखी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

आणखी एक खूणगाठ: शून्य आणि पूर्ण यांच्या मधले गुण द्यायचे असतील तर निम्म्याहून जास्त काम रुग्णाने स्वतः केलेलं असावं.

तिसरी पायरी: कुणाला विचारायचं

जो माणूस प्रत्यक्ष हात लावतो त्याला विचारा. कर्ता मुलगा सकाळी नऊला कामावर जातो, त्याला संध्याकाळचे बाबा माहीत असतात. सासऱ्यांची अंघोळ आणि संडास सून सहसा बघत नाही. ते काम मावशी, मामा किंवा सासूबाई करतात, पण डॉक्टरांसमोर बोलायला सून पुढे असते आणि ती अंदाजाने सांगते. यात तिचा दोष नाही. दिवसा आणि रात्री जे कुणी सोबत असतात त्या दोघांनाही विचारा, आणि रुग्णाला वेगळं, एकट्याला विचारा. लघवी-शौचाचे प्रश्न चारचौघांत, जावयासमोर किंवा शेजाऱ्यांसमोर कधीच काढू नका.

उत्तरं जुळली नाहीत तर एक दिवस गुपचूप बघा. मुद्दाम परीक्षा घेऊ नका, विशेषतः जिन्याची आणि उठण्याची. गुण लिहिण्यासाठी कुणाला जिना चढायला लावणं म्हणजे पडायला आमंत्रण देणं.

चौथी पायरी: दहा गोष्टी, एकेक करून

जेवण (०, ५, १०). पुढ्यात वाढलेलं ताट स्वतः संपवत असतील तर १०. स्वयंपाक दुसऱ्याने केला, ताट दुसऱ्याने वाढलं, तरी चालतं. पण भाकरी मोडून देणं, भात कालवून देणं, माशाचा काटा काढून देणं लागत असेल तर ५. भरवावं लागत असेल तर ०. आपल्याकडे उजवी बाजू गेलेल्या माणसाचं जेवण बऱ्याचदा अडतं ते ताकदीवर नाही, डाव्या हाताने जेवायच्या संकोचावर. आयुष्यभर ज्या हाताला ताटाला लावू दिलं नाही, त्याच हाताने घास घ्यायचा म्हणजे मनाला जड जातं, आणि मग कुणीतरी भरवत राहतं. अशा वेळी डाव्या हातात चमचा द्या, उंच काठाची थाळी द्या, थाळीखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे ती सरकणार नाही. चमच्याने जेवायला संकोच थोडा कमी वाटतो, हा माझा अनुभव. जेवताना किंवा चहा-पाणी पिताना ठसका लागत असेल तर गुण बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना सांगा. घास चुकीच्या मार्गाने फुप्फुसात जाण्याची ती खूण असू शकते.

अंघोळ (०, ५). इथे मधला टप्पा नाही. एकट्याने, देखरेखीशिवाय, आत जाण्यापासून बाहेर येण्यापर्यंत सगळं केलं तर ५, नाहीतर ०. पाणी तापवून बादली भरून ठेवणं मी तयारीत धरते, मदतीत नाही. मूळ मापात आपली बादली-तांब्या अर्थातच नाही, म्हणून हा नियम माझा. तुम्ही वेगळा ठरवलात तरी चालेल, फक्त दर वेळी तोच ठेवा. ओली मोरी ही लकव्यानंतर घरातली सगळ्यात धोक्याची जागा. तिथे प्लॅस्टिकची पक्की खुर्ची किंवा स्टूल आणि भिंतीला दांडा लावल्याशिवाय या पाच गुणांचा विचारही करू नका.

तोंड धुणं, दात, केस, दाढी (०, ५). ब्रश, पेस्ट, पाणी हाताशी आणून ठेवलं तर चालतं. पुढचं सगळं स्वतः केलं तर ५. घोटून दाढी करणं जमत नसेल तर ट्रिमर द्या.

कपडे (०, ५, १०). बटणं, चेन, नाडी, सगळं धरून एकट्याने केलं तर १०. निम्मं स्वतः केलं तर ५. नऊवारी किंवा सहावारी नेसणाऱ्या आजीचं काय, असा प्रश्न मला हमखास विचारतात. ती रोज जे नेसते तेच धरायचं. आता गाऊन घालत असेल तर गाऊनचे गुण द्या आणि बाजूला "साडी अजून नाही" असं लिहा. त्या एका ओळीतून तिला काय परत हवं आहे ते कळतं.

शौचाचा ताबा (०, ५, १०) आणि लघवीचा ताबा (०, ५, १०). आठवडाभरात एकदाही कपडे खराब झाले नाहीत तर १०. शौच फार तर आठवड्यातून एकदा चुकलं तर ५. लघवी फार तर चोवीस तासांत एकदा चुकली तरी ५. त्याहून जास्त असेल तर ०. लघवीची नळी असेल आणि ती दुसरं कुणी सांभाळत असेल तर ०. स्वतः पूर्णपणे सांभाळत असतील तर १०. डायपर लावलेला असेल तर "लावलाय, म्हणून ०" असं डोळे मिटून लिहू नका. कित्येक घरांत डायपर रुग्णाच्या गरजेपेक्षा सोबत करणाऱ्याच्या झोपेसाठी असतो. दिवसा, दर दोन-तीन तासांनी स्वतःहून विचारून भांडं देऊन बघा. ताबा शाबूत असूनही वेळेवर पोहोचता येत नाही म्हणून ओले होणारे रुग्ण मी खूप पाहिले आहेत. त्यांचा इलाज औषधात नाही, खाटेशेजारी ठेवलेल्या कमोडमध्ये आहे.

संडासचा वापर (०, ५, १०). ताबा वेगळा आणि वापर वेगळा. तिथे जाणं, कपडे सोडणं, बसणं, धुणं, कपडे वर घेणं, बाहेर येणं हे सगळं एकट्याने केलं तर १०, काही स्वतः आणि काही मदतीने केलं तर ५. भारतीय बैठक, कमोड, कमोडची खुर्ची यापैकी काय वापरतात ते गुणांशेजारी लिहा. दवाखान्यात कमोडवर १० मिळवलेला माणूस गावच्या घरी उकिडव्या बैठकीच्या संडासात ५ वर किंवा ० वर येतो. याला आजार वाढला असं म्हणत नाहीत, घर बदललं म्हणतात. चाळीत गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास असेल तर त्या अंतराचाही यात वाटा असतो. तेही लिहा.

कॉटवरून खुर्चीत जाणं (०, ५, १०, १५). बसताच येत नसेल, तोल सावरत नसेल तर ०. बसता येतं, पण उठवायला एक-दोघांना चांगलाच जोर लावावा लागतो, तर ५. थोडा आधार किंवा नुसत्या सूचना लागतात, तर १०. एकट्याने केलं तर १५. मोजताना कॉटची उंची पाहा. गुडघ्याच्या उंचीची कॉट आणि जमिनीलगतचा दिवाण यांत फार फरक पडतो. जमिनीवर बसून उठणं या मापात नाही. पण आपल्या पंगती, पूजा, नातवाशी खेळणं, सगळं जमिनीवर चालतं. म्हणून ते वेगळ्या ओळीत, गुण न देता लिहा.

सपाट जागेवर चालणं (०, ५, १०, १५). अंतर साधारण ४५ मीटर, म्हणजे दीडशे फुटांच्या आसपास. घरात एवढी सलग जागा कुठली? पंधरा फुटी पडवीत जाऊन-येऊन पाच फेऱ्या झाल्या की तेवढं होतं. एकट्याने (काठी-वॉकर चालेल) १५, एका माणसाच्या आधाराने किंवा सूचनांनी १०, चालता येत नाही पण चाकाची खुर्ची वळणांसकट स्वतः चालवतात तर ५, यातलं काहीच नाही तर ०.

जिना (०, ५, १०). एकट्याने चढ-उतार केली तर १०, मदतीने ५, नाहीच तर ०. घर तळमजल्यावर असेल आणि जिन्याचा प्रश्नच येत नसेल तर "संधी नाही" असं लिहून ० ठेवा.

पाचवी पायरी: बेरीज करा, पण बेरजेवर थांबू नका

एक उदाहरण घेऊ. साठी ओलांडलेले आजोबा, उजवी बाजू अशक्त, घरी येऊन तीन आठवडे झालेले. जेवण ५, अंघोळ ०, तोंड-दाढी ०, कपडे ५, शौचाचा ताबा १०, लघवीचा ५, संडासचा वापर ५, कॉट-खुर्ची १०, चालणं १०, जिना ०. बेरीज ५०.

महिन्याने त्यांचे ६० होतात. कुठून वाढले? जेवण ५ वरून १० झालं, कारण डाव्या हातात चमचा आणि उंच काठाची थाळी आली. तोंड-दाढी ० वरून ५ झालं, कारण ट्रिमर आला. उजव्या हाताची ताकद होती तिथेच आहे. तरीही घरातल्या एका माणसाचा सकाळचा बराच वेळ मोकळा झाला, आणि आजोबांची मान थोडी वर झाली. नुसता "६०" हा आकडा हे सांगत नाही, दहा ओळी सांगतात.

आता दुसरा रुग्ण घ्या. चालणं १५, कॉट-खुर्ची १५, जेवण १०, जिना १०, तोंड-दाढी ५, कपडे ५, आणि अंघोळ, दोन्ही ताबे, संडासचा वापर हे सगळं ०. याचीही बेरीज ६०. पहिल्याला उभं राहायला माणूस हवा, दुसऱ्याला रात्री उठून कपडे बदलणारा हवा. दोघांसाठी ठेवायची माणसं वेगळी, खर्च वेगळा, व्यायाम वेगळे. म्हणून बेरीज वहीच्या कोपऱ्यात लिहा आणि दहा ओळी मधोमध.

बेरजेचा साधारण अर्थ असा लावतात: २० पर्यंत म्हणजे जवळजवळ सगळंच दुसऱ्यावर, २१ ते ६० म्हणजे बरंचसं दुसऱ्यावर, ६१ ते ९० म्हणजे मध्यम मदत, आणि त्यापुढे थोडीशी. साठच्या पुढे गेलेल्या माणसाला सांभाळणं एका माणसाला झेपू लागतं, असा माझा अनुभव.

आणि १०० मिळाले तर? तर माणूस सोबत्याशिवाय आपलं रोजचं करू शकतो, एवढंच. तो घरात एकटा राहू शकेल असा त्याचा अर्थ नाही, हे महोनी आणि बार्थेल यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. गॅस पेटवणं, औषधं वेळेवर घेणं, बँकेचं काम, फोन लावणं यांतलं काहीही या दहात नाही. त्यासाठी लॉटन यांचं १९६९ चं आठ बाबींचं वेगळं माप आहे. बोलणं आणि स्मरणही बार्थेलमध्ये नाही. शब्द हरवलेल्या माणसाला इथे पैकीच्या पैकी मिळू शकतात, आणि तरीही त्याचं जगणं फार अवघड असतं. ते दुखणं या वहीत दिसणार नाही, म्हणून शेवटी दोन मोकळ्या ओळी सोडा आणि तिथे ते लिहा.

सहावी पायरी: आजाराआधीचे गुण लिहा

हे दहा मिनिटांचं काम जवळजवळ कुणीच करत नाही. लकवा येण्याच्या आदल्या आठवड्यात याच दहा गोष्टी कशा होत्या, ते आठवून तसेच गुण द्या. गुडघेदुखीमुळे आजी वर्षभर जिना चढतच नव्हत्या, तर जिन्याचे ० आधीपासूनचेच. त्यासाठी लकव्याला आणि फिजिओला दोष देण्यात अर्थ नाही, आणि उद्दिष्टही त्या हिशेबानेच ठरतं.

सातवी पायरी: पुन्हा कधी मोजायचं

लकव्यानंतरची सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, पुढे वेग मंदावतो. म्हणून पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि नंतर महिन्यातून एकदा मोजा. शक्यतो एकाच माणसाने, त्याच घरात, तेच नियम धरून. रोज मोजू नका. रोज मोजलं की रुग्णाला घरात परीक्षा चालल्यासारखं वाटतं, आणि पाच गुणांच्या चढ-उताराने घरभर चिंता पसरते. पाचाचा फरक एका वाईट रात्रीने, सर्दी-तापाने किंवा मोजणारा बदलल्यानेही पडतो. पुढच्या वेळीही तो टिकला तरच खरा धरा.

माझ्याच घरी मी हे चुकवलेलं आहे. आईला लकवा आला तेव्हा पहिले गुण मी दिले, ७०. दोन दिवसांनी माझी एक सहकारी आली. तिने आईला आणि दिवसभर सोबत असणाऱ्या मावशींना वेगवेगळं विचारलं आणि ५५ लिहिले. मी तेव्हा थेरपिस्ट नव्हते, लेक होते. मावशी शांतपणे किती गोष्टी करत होत्या ते मला दिसलंच नाही, कारण आई ठीक आहे असंच मला दिसायला हवं होतं. मी दिलेल्या ७० वर व्यायाम ठरले असते तर आईला झेपणार नाही असं काहीतरी तिच्यावर लादलं गेलं असतं. त्या दिवसापासून जवळच्या माणसाचे गुण मी एकटीने देत नाही. तुम्हीही दुसऱ्या कुणाकडून एकदा पडताळून घ्या.

उलटी चूकही होते, आणि ती प्रेमातूनच होते. माणूस शर्टाच्या बाहीशी झगडतोय हे बघवत नाही. हात आपोआप पुढे जातो. मग १० ची गोष्ट महिनोन् महिने ५ वर अडकते, आणि आपण म्हणतो, सुधारणा थांबली. एखादी ओळ तीन-चार मोजमापांत हललीच नाही, तर आठवडाभर त्याच एका कामासाठी सकाळी पंधरा मिनिटं जास्त ठेवा आणि हात मागे बांधून बसा. मग पुन्हा गुण द्या.

आठवी पायरी: पुढचं एकच पाऊल निवडा

वही समोर ठेवून रुग्णालाच विचारा, "यातलं पहिलं काय परत हवंय?" घरच्यांना बहुतेक वेळा चालणं हवं असतं. रुग्णाला बहुतेक वेळा संडासला एकट्याने जाणं हवं असतं. त्याच्या उत्तराला मान द्या. मग त्या एका ओळीचे तुकडे पाडा: कॉटवरून उठणं, दारापर्यंत जाणं, नाडी सोडणं, बसणं, धुणं, उठणं. नेमकं कुठे अडतंय ते शोधा. सगळं जमतं आणि फक्त नाडी अडवते, असं कितीदा तरी निघतं, आणि नाडीवर उपाय शिंप्याकडे असतो.

गुण अचानक घसरले तर

हळूहळू वाढणारे गुण एक-दोन दिवसांत १५-२० ने खाली आले, तर "आज मूड नाही" म्हणून सोडून देऊ नका. वयस्कर माणसात लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नव्याने सुरू झालेलं झोपेचं औषध, न सांगितलेलं पडणं, यातलं काहीही आधी असंच दिसतं. ताप नसतो, तक्रार नसते, फक्त काल जमलेलं आज जमत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय एकाएकी लुळा पडणं, बोली अडखळणं असं काही दिसलं तर वही उघडूही नका. १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि रुग्णालयात तुम्हाला पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.

तपासणीला जाताना वहीतल्या मागच्या तीन पानांचे फोटो काढून ठेवा आणि वही सोबत न्या. डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं की ते पान त्यांच्यापुढे ठेवा आणि बोटाने ती एक ओळ दाखवा, जी गेल्या वेळेपासून हललेली नाही.